मढई आधी, पचमढी नंतर

ताई, तुम्ही विचारलंय की ताडोबा आणि पेंच दोन-तीनदा झाले, आता फेब्रुवारीच्या शेवटी चार दिवस मोकळे आहेत, सोबत ७२ वर्षांचे बाबा आणि १० वर्षांचा मुलगा आहे, तर मध्य प्रदेशातल्या सातपुडा राष्ट्रीय उद्यानाला जावं का? पचमढीत राहून सगळं होईल का? आणि वाघ दिसेल का?

वाघाचं आधी सांगतो. वाघ तिथे आहेत, पण ताडोब्यासारखा रस्त्यावरून चालत येणारा वाघ मनात धरून जाऊ नका. जंगल डोंगराळ, नाले खोल, गवत उंच. मी आजवर सात वेळा गेलो, त्यात वाघ एकदाच दिसला, नाला ओलांडताना, तोही पाठमोरा. तरीही मध्य भारतातलं एकच जंगल निवडायला सांगितलं तर मी सातपुडाच निवडतो. खाली मढईला, जिथे उद्यानाचं गेट आहे, तवा धरणाचं पाणी पसरलंय ते साडेतीनशे मीटरच्या आसपास, आणि वर धूपगड १३५० मीटर, साऱ्या सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर. एकाच जंगलात हजार मीटरचा चढ! झाडं, पाणी, हवा, पाखरं सगळं त्या चढावर बदलत जातं. तेच बघायला जा.

सुरुवात नागपूरच्या रस्त्यापासूनच करा. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली. आपण नागपुरात पेंचचं आणि कन्हानचं पाणी पितो, आणि या दोन्ही नद्या छिंदवाडा जिल्ह्यातच उगम पावतात. म्हणजे निम्मा रस्ता तुम्ही आपल्याच नळाच्या पाण्याच्या उगमाकडे जात असता. ते पाणी वैनगंगेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातं. तामियाच्या अलीकडे कुठेतरी पाण्याची वाट फिरते, गाडीत बसून कळतही नाही. तामियाला कड्यावर थांबा. समोरच्या दरीत पडलेला थेंब नर्मदेला मिळून अरबी समुद्रात जाणार. जवळच पाताळकोटची खोल दरी आहे, तिथून निघणारी दूधी नदीही नर्मदेलाच मिळते. मुलाला भूगोलाचा हा धडा तिथेच उभं करून सांगा.

हा रस्ता आपल्याकडच्या लोकांना नवा नाही. शिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीजवळच्या चौरागडला आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला विदर्भातून किती माणसं जातात! माझे वडील गावच्या पोह्याबरोबर, म्हणजे यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर, जायचे. ते पचमढीचं नावच घेत नसत, ‘महादेवाले चाललो’ एवढंच म्हणायचे. तुमच्या तारखा मात्र शिवरात्रीशी ताडून बघा. त्या आठवड्यात पचमढीत पाय ठेवायला जागा नसते, आणि तुम्हाला हवी असलेली शांतता तर अजिबात मिळणार नाही.

आता मुक्काम. पहिल्या खेपेला मी तुमच्यासारखाच विचार केला होता: पचमढीत राहू आणि सफारीला खाली मढईला जाऊ. घाट उतरून पिपरिया, सोहागपूर करत मढई गाठायला दोन-अडीच तास जातात. पहाटे तीनला उठून निघालो, बायको आणि मुलगी गाडीतच झोपल्या आणि जंगलातला पहिला तास हातचा गेला. तुम्ही तसं करू नका. पहिल्या दिवशी मटकुलीहून थेट पुढे जाऊन मढईजवळ दोन रात्री काढा, तिसऱ्या दिवशी पचमढीला चढा, चौथ्या दिवशी परत. खालून वर जाण्याचा फायदा असा की तो चढ अंगावर येतो, वरून खाली आलात की तो निसटतो.

मढईला गेट नदीपलीकडे आहे. देनवा होडीने ओलांडायची आणि मग जिप्सीत बसायचं. सकाळी पाण्यावर धुकं असतं, पलीकडचा डोंगर हळूहळू उघडतो, आणि त्या पाच-दहा मिनिटांतच माणसं आपोआप गप्प होतात. फेब्रुवारीत चक्रवाक आणि पट्टकदंब हंस अजून पाण्यावर असतात, काठावर मगर पडलेली दिसू शकते, नशीब असेल तर पाणमांजरांचं कुटुंबही. बाबांसाठी संध्याकाळची बोटीची फेरी जरूर ठेवा. गुडघ्यांना त्रास नाही आणि दिसतं भरपूर. आत रानगवे, सांबर, अस्वल आणि भीमाशंकरचं म्हणून आपण ओळखतो ते शेकरू. अस्वल दिसायला सातपुडा फार चांगला. मोह फुलायला लागला की ती फुलांसाठी झाडाखाली येतात.

पण माझं खरं सांगणं पायी फेरीबद्दल आहे. इथे गाइडबरोबर जंगलात चालता येतं, आणि तुम्ही ताडोबा-पेंचला जिप्सीत बसून जे पाहिलंत ते सगळं चालताना पुन्हा नवं होतं. गाडीतून आपण जनावर शोधतो. पायी चालताना जनावर काय करून गेलं ते वाचतो. आमच्याबरोबर एक कोरकू गाइड होता. त्याने मोहाच्या बुंध्यावरचे ओरखडे दाखवले, अस्वल चढल्याचे, दोन वेगवेगळ्या वर्षांचे. जुन्यांवर साल भरून आली होती, नव्यांतून अजून ओल दिसत होती. पुढे खणलेलं वारूळ, त्याच्या बाजूला बोराच्या बियांनी भरलेली विष्ठा. मग त्याने हात वर केला आणि आम्ही सगळे थांबलो. सांबराची धोक्याची हाक. एकदा, दोनदा, मग शांत. काही दिसलं नाही. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती, आज ती नोकरी करते, आणि जंगलाचा विषय निघाला की अजूनही ती त्या थांबण्याचंच सांगते. मुलाच्या वयाची अट काय आहे ते मात्र बुकिंग करतानाच विचारून घ्या.

तिसऱ्या दिवशी घाट चढताना खिडकीबाहेर लक्ष ठेवा. खाली आपल्या ओळखीचा साग आणि ऐन, वर पठारावर सालवृक्ष. मंडला-कान्ह्याकडच्या सालाच्या मुख्य पट्ट्यापासून तुटलेलं हे सालाचं बेट आहे. खडक वालुकाश्माचा, २० कोटी वर्षांहून जुना, त्यामुळे दऱ्या अरुंद, भिंती सरळ, आणि तळाशी ऊन जेमतेम पोचतं. त्या ओल्या सावलीत नेचे वाढतात, अगदी झाडाएवढे वृक्षनेचेसुद्धा. पश्चिम घाटातला शीळकरी कस्तूर हा पक्षी इथे राहतो. हे सगळं इथे कसं आलं? माशांचे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी १९४९ साली मांडलं होतं की हिमालयाकडचे काही जीव सातपुड्याच्या रांगेने सरकत पश्चिम घाटात पोचले असावेत. यावर वाद आहेत. पण खाली रखरखीत उन्हातून येऊन त्या दरीत हाताला गारवा लागला की निदान प्रश्न का पडला असेल ते कळतं.

पचमढीत पॉइंट मोजत फिरू नका. गावात बायसन लॉज बघा, ब्रिटिश अधिकारी कॅप्टन फोर्सिथने १८६२ साली बांधलेलं, आता तिथे संग्रहालय आहे. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तेव्हा उन्हाळ्यात सरकार इथे यायचं, म्हणून जुने बंगले दिसतील. चौरागडच्या हजारावर पायऱ्या बाबांना चढवू नका. धूपगडला गाडी वरपर्यंत जाते, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा आणि गर्दीपासून जरा बाजूला बसा.

बाकीचं थोडक्यात. सफारीचं बुकिंग मध्य प्रदेश वनविभागाच्या ऑनलाइन पोर्टलवरून करा, ओळखपत्र मूळ लागतं. बुधवारी दुपारची सफारी बंद असते, त्याप्रमाणे दिवस लावा. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर म्हणजे जंगलाचा आतला गाभा बंद. सकाळच्या उघड्या जिप्सीत फेब्रुवारीतही बोटं आखडतात, बाबांना कानटोपी आणि मुलाला जाड जॅकेट घ्या. स्वतःची गाडी नसेल तर नागपूरहून रेल्वेने इटारसी आणि तिथे गाडी बदलून सोहागपूर किंवा पिपरिया. पण मग तामिया हुकतं, आणि मला ते पटत नाही.

परतताना मटकुलीला देनवेचा पूल लागेल. दोन मिनिटं थांबा. मढईला होडीने ओलांडलीत तीच ही नदी, इथे अजून दगडांवरून उड्या मारत चाललेली. ती कुठे चाललीय ते मुलाला विचारा, आतापर्यंत त्याला सांगता येईल.