“सरांनीच अडवलंय, मॅडम”

गाईडचं, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाचं, आणि आपलं बिनसलं, की पीएच.डी. संपलीच का? विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस बसते. मानव्यविद्येकडून येणारी मुलं हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने विचारतात. कुणी रडून, कुणी चिडून, कुणी “सहज आले होते” असं म्हणून. उत्तरादाखल सुवर्णाची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, आणि तिने लिहायला परवानगी दिली आहे.

सुवर्णा इतिहासाची, चौथ्या वर्षाला. विषय 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या आठवणी. तिची स्वतःची आजी त्या कामावर होती. पहिल्या दिवशी आली तेव्हा प्लास्टिकची फाईल तिने टेबलावर ठेवली नाही, तासभर मांडीवर धरून बसली. झोप तीनला मोडते, मोबाईलवर सरांचं नाव दिसलं की पोटात गोळा येतो, चौथं प्रकरण देऊन चार महिने झाले तरी अक्षराने उत्तर नाही. “मी त्यांच्या लायकीची नाही, हे त्यांना कळलंय,” ती म्हणाली.

जीव द्यावासा वाटतो का, हे मी सरळ विचारलं. ते पहिल्याच भेटीत विचारायचं असतं. “नाही, पण गाव गाठावंसं वाटतं,” असं तिने सांगितलं.

पुढच्या दोन भेटी मी वाया घालवल्या, असं आज वाटतं. झोपेचं वेळापत्रक, श्वासाचे व्यायाम, मग वडिलांशी असलेलं नातं. वडील कडक, सरही कडक, म्हणून मला धागा सापडल्यासारखं झालं. आमच्या पेशात असा धागा सापडला की फार समाधान वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. तिसऱ्या भेटीत उठता उठता ती म्हणाली, “पुढच्या बुधवारी जमेल असं नाही, बसच्या पासचे पैसे नाहीयेत. पाच महिने फेलोशिप आली नाही.”

मी तिला परत बसवलं. तीन तासांच्या बोलण्यात मी पैशांबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

“कुणी अडवलीय?”

“सरांनीच अडवलंय, मॅडम. दुसरं कोण अडवणार?”

तिच्या लेखी विद्यापीठ म्हणजे सर. नोंदणी सरांमुळे, पैसे सरांमुळे, विषय सरांमुळे, मुदत सरांच्या हातात. विज्ञान शाखेतल्या मुलांना निदान प्रयोगशाळा असते. तिथे सीनियर असतात, लॅब असिस्टंट असतो, दिवसातून चार तोंडं दिसतात. इतिहास-मराठी-तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी खोलीत एकटा वाचत बसतो. त्याला विद्यापीठाचा एकच माणूस ठाऊक असतो, आणि त्या एका माणसाच्या गप्प बसण्याचे तो शंभर अर्थ लावतो.

मी कोरा कागद घेतला आणि तिच्या सगळ्या तक्रारी तिच्याकडूनच एकाखाली एक लिहून घेतल्या. पैसे. प्रकरण. मुदत. साहित्यचोरीची तपासणी. मुंबईच्या पुराभिलेखागारासाठी शिफारसपत्र. समोर दुसरा रकाना: ‘हे काम कुणाच्या टेबलावर आहे?’ तिने पाचही ठिकाणी ‘सर’ लिहिलं. पेन खाली ठेवताना स्वतःलाच जरा हसली.

पैशांपासून सुरुवात केली. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, फेलोशिपला विद्यापीठाने पोर्टलवर दर महिन्याला पुष्टी द्यावी लागते. एकजण माहिती भरतो, तो मेकर. दुसरा तपासून पुढे पाठवतो, तो चेकर. दोन्ही प्रशासनातली माणसं. गाईडचा संबंध हजेरीवर सही करण्यापुरता. हे मलाही आधी नीट माहीत नव्हतं, फेलोशिप विभागातल्या एका बाईंनी चहा पिता पिता समजावलं होतं. सुवर्णा त्या खिडकीवर तीनदा जाऊन आली होती, पण विचारलं होतं, “माझे पैसे कधी येतील?” या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही खिडकीवर “येतील” एवढंच उत्तर मिळतं. आम्ही वेगळं वाक्य तयार केलं: “माझी शेवटची पुष्टी कोणत्या महिन्याची झालीय, आणि आता मेकर कोण आहे?”

दुसऱ्याच दिवशी उलगडा झाला. मेकर असलेल्या गृहस्थांची परीक्षा विभागात बदली झाली होती, नव्या माणसाला लॉगिनच मिळालं नव्हतं. तिच्यासारखे आणखी काहीजण लटकले होते. सरांची हजेरीवरची सही पाचही महिन्यांची, वेळेवर. ती सही तिने पाहिली तेव्हा काय वाटलं, असं मी विचारलं. “लाज वाटली,” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “आणि रागही आला. सही करायला वेळ होता, वाचायला नव्हता?” मला तो राग आवडला. पहिल्या दिवशी तो तिच्यात नव्हता.

पैसे लगेच आले नाहीत. पण का येत नाहीत हे कळल्यावर झोप तीनवरून पाचवर सरकली.

मुदतीचं असंच. पाच वर्षांत झालं नाही तर नोंदणी रद्द, असं तिला कुणीतरी होस्टेलवर सांगितलेलं. पीएच.डी. विभागातल्या कक्ष अधिकाऱ्यांनी तिची फाईल काढून तारीख दाखवली. फेलोशिप पाच वर्षांची, नोंदणी प्रवेशापासून सहा वर्षांची. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, स्त्रियांना त्यावर आणखी दोन, मात्र एकूण दहाच्या पुढे नाही. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. त्याचा आज तिला उपयोग नव्हता, तरी तिने ते वहीत लिहून घेतलं.

खरा पेच चौथ्या प्रकरणाचा. तिथे अडचण खरीच सरांची होती, टेबल बदलून ती सुटणार नव्हती. पण एक वाट होती. याच नियमांप्रमाणे प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने संशोधन सल्लागार समितीपुढे येऊन प्रगती मांडायची असते. तिची बैठक दोन सत्रं झालीच नव्हती. “बैठक मागितली तर सरांची तक्रार केल्यासारखं होईल,” असं म्हणत तिने मान हलवली. इथे माझं कौशल्य संपलं. समितीचे निमंत्रक सरच. मी तिला धीट हो म्हणू शकत होते, पण त्याची किंमत तिलाच मोजावी लागली असती.

गाठ सोडवली ती विभागातल्या वरिष्ठ लिपिक काकांनी. ही माणसं विभागात तीस-तीस वर्षं काढतात. कोण कुणावर रुसलंय, कुणाच्या हातात कुठला कागद कधी द्यावा, हे त्यांना पाठ असतं. सुवर्णा चाचरत बोलायला लागली तर त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

“ताई, तू काही मागू नकोस. तुझा सहामाही अहवाल माझ्या फाईलला नाही, हे माझं दुखणं आहे. मी सगळ्यांचीच यादी साहेबांपुढे ठेवतो.”

आठवडाभरात विभागप्रमुखांच्या सहीने अकरा विद्यार्थ्यांच्या बैठकांचं पत्रक लागलं. त्यात सुवर्णाचं नाव सातवं. कुणी कुणाची तक्रार केलेली नव्हती.

सरांनी प्रकरण बहुधा आदल्या रात्री वाचलं. चौदा शेरे होते, त्यातले काही बोचरे. “मुलाखतींच्या जिवावर निष्कर्ष काढू नका, रोजगार हमीचे कागद कुठे आहेत?” हा त्यातला मुख्य. त्या दिवशी ती माझ्याकडे येऊन रडली, पण रडता रडता फाईल उघडून शेरे दाखवत होती, आणि दोन ठिकाणी सर चुकले आहेत हे मला पटवून देत होती. सर त्यानंतर बदलले का? फारसे नाहीत. त्यांच्याकडे आठ विद्यार्थी आहेत, प्राध्यापकाला तेवढीच मर्यादा आहे, वर नॅकची, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकनाची, कामं. फोन आजही उचलत नाहीत.

सगळ्याच गोष्टी अशा लिपिक काकांच्या पातळीवर मिटत नाहीत, हे इथे सांगायला हवं. गाईड घरची कामं सांगत असेल, पैसे मागत असेल, जातीवरून बोलत असेल, तर तिथे गोड बोलून कागद सरकवण्याचा प्रश्न येत नाही. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिच्या वर लोकपाल आहे. लैंगिक छळासाठी अंतर्गत तक्रार समिती. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

ग्रंथालयाचं राहिलं. साहित्यचोरीच्या तपासणीची तिला सगळ्यात जास्त धास्ती होती. तीन प्रकरणं तिने आधीच ग्रंथालयात तपासायला दिली आणि उत्तर आलं: साम्य शून्य टक्के. दहा टक्क्यांपर्यंत चालतं, इथे तर शून्य! ती पेढे आणायच्या बेतात होती. संदर्भ विभागातल्या ताईंनी अहवाल पाहिला आणि डोक्याला हात लावला. टायपिंग करून देणाऱ्याने सगळा मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉण्टमध्ये केला होता. माणसाला मराठी दिसतं, यंत्राला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. खिचडीशी जुळणारं जगात काही नाही, म्हणून शून्य. तशीच फाईल शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, गेली असती तर आतला एक शब्दही कुणाला शोधून सापडला नसता. आता रूपांतर केल्यावर जोडाक्षरं फुटली आहेत. रफार भलत्याच अक्षरावर जातोय. दोनशे पानं ओळीओळीने तपासायची आहेत.

आमची सहावी भेट ठरली होती त्याच्या आदल्या संध्याकाळी तिचा निरोप आला. “मॅडम, उद्या येत नाही. ग्रंथालयातल्या ताईंनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर दोन तास माझ्यासाठी धरून ठेवलाय. ‘दुष्काळ’मधला ष्क सगळीकडे फुटलाय.”