गाडीवर बसण्याआधी : सेन्सर काय मोजतो आणि काय नाही

प्रश्न : माझे चार ट्रक आहेत. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारे कॅमेरे बसवले, तर पोरं त्यावर चिकटपट्टी लावतात. उगाच वाजतो म्हणतात. पैसे वाया गेले का?
– ट्रकमालक, जालना

पट्टी का लावतात, ते आधी त्यांना विचारा. कॅमेरा वाजला की पगार कापला जात असेल, तर पट्टी लागणारच.

उगाच वाजण्यालाही कारणं असतात. हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो, म्हणून त्याला अंधारातही पापण्या दिसतात. ठरावीक वेळात बुबुळ ऐंशी टक्क्यांहून जास्त किती वेळ झाकलेलं होतं, याचा तो हिशेब ठेवतो. साधी उघडझाप क्षणात संपते. पेंग आलेल्याची पापणी सावकाश उतरते आणि तशीच राहते. पण काही गॉगल हा प्रकाश अडवतात, आणि मुळात बारीक डोळ्यांचा माणूस यंत्राला झोपलेला वाटू शकतो. बसवणाऱ्याला बोलावून प्रत्येक ड्रायव्हरप्रमाणे कॅमेरा जुळवून घ्या.

काढून मात्र टाकू नका. ताशी ८० किलोमीटर वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी वाऱ्यावर. त्या ड्रायव्हरला विचारलं तर ‘जागाच होतो’ म्हणेल, आणि तो खोटं बोलत नसेल. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस हात-नजरेच्या चाचणीत रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखा चुकतो. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. पहाटे पाचला उठलेला ड्रायव्हर रात्री दहाला माल भरून निघतो, तेव्हा थेंबही न घेता तो या रेषेच्या पुढे गेलेला असतो.

बझरने माणूस दचकतो, त्याची झोप भरून निघत नाही. तेव्हा कॅमेऱ्यातली नोंद शिक्षेसाठी वापरू नका. कोणत्या खेपेला, किती वाजता तो वाजतो ते बघा आणि निघायची वेळ बदला किंवा जोडीला दुसरा ड्रायव्हर द्या. हे तुमच्याच हातात आहे.

प्रश्न : बाबा ७६ वर्षांचे. नंबर तपासला, नजर ठीक निघाली. तरी महिन्यात दोनदा गाडी फाटकाला घासली. आमचं ऐकत नाहीत. यंत्रावर निःपक्ष तपासणी होते का?
– एक मुलगी, सांगली

दोन्ही वेळा गाडी एकाच बाजूला घासली का? हे आधी बघा.

भिंतीवरची अक्षरं वाचताना फक्त मधली नजर तपासली जाते. काचबिंदूत कडेची नजर गुपचूप जाते आणि मधली बरीच उशिरापर्यंत शाबूत राहते, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. नेत्रतज्ज्ञांकडे पेरिमेट्री, म्हणजे नजरेच्या आवाक्याची तपासणी मागून घ्या. यंत्रात डोकं टेकवायचं, कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. निघालेला नकाशा बाबांना स्वतः पाहू द्या. मुलांशी वाद घालणारे वडील बहुतेकदा कागदाशी घालत नाहीत.

नजर पूर्ण निघाली, तर प्रश्न लक्षाचा किंवा स्मरणाचा असू शकतो. मग मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. अमेरिकेत सेंट लुइसच्या संशोधकांनी १३९ वयस्कांच्या गाड्यांत वर्षभर जीपीएस ठेवलं होतं. ज्यांच्यात अल्झायमरच्या खुणा होत्या पण लक्षणं नव्हती, ते रात्री कमी आणि सावकाश गाडी चालवत होते. मात्र ही गटाची सरासरी आहे. तेवढ्यावर एकट्या माणसावर शिक्का मारता येत नाही. बाबांच्या नकळत गाडीत जीपीएस बसवायचा विचार असेल, तर कृपा करून सोडून द्या. विश्वास गेला की तपासणीलाही येणार नाहीत.

प्रश्न : खोकल्याचं औषध घेऊन नाकाबंदीत फुंकलं तर अडकू का?
– एक वाचक, ठाणे

औषधात अल्कोहोल असेल आणि नुकतंच घेतलं असेल, तर तोंडात उरलेल्या अंशाने आकडा वाढू शकतो. पोलिसांना तसं सांगा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची विनंती करा. मला काळजी वेगळीच वाटते. खोकल्याच्या कित्येक औषधांनी झापड येते, आणि ती फुंकायच्या यंत्राला दिसत नाही. बाटलीवरची सूचना वाचा.

प्रश्न : मी इन्सुलिन घेते. दंडावर साखरेचा सेन्सर आहे. कोल्हापूर–इचलकरंजी रोज कार चालवते. त्यावर विसंबू का?
– शिक्षिका, कोल्हापूर

विसंबा, पण आकड्याशेजारच्या बाणाकडे बघून. साखर चढतेय की उतरतेय, ते तो बाण दाखवतो. तो सेन्सर रक्त मोजत नाही, त्वचेखालचा द्रव मोजतो. साखर भरभर उतरत असेल तर त्याचा आकडा काही मिनिटं मागे असतो. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना साखर ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी खा, मग निघा असं सांगतात. १०० दिसतंय आणि बाण खाली आहे, तर निघू नका. बोट टोचून बघा.

वाटेत अलार्म वाजला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करून किल्ली काढा आणि ग्लुकोज किंवा साखर खा. आकडा पूर्ववत झाला तरी मेंदू सावरायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतर ४५ मिनिटं थांबा. शाळेत फोन करून सांगा, पहिला तास दुसऱ्या कुणाला घ्यायला लावा.