‘रनिंग मेट’ला ‘धावसोबती’ का म्हणू नये

प्रश्न असा आहे: अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरचा, एका पक्षाची उघड बाजू घेणारा लेख मराठीत आणायचा आहे. त्यात ‘रनिंग मेट’ (अध्यक्षपदाच्या उमेदवाराने आपल्याबरोबर उभा केलेला उपाध्यक्षपदाचा उमेदवार) आणि ‘तिकीट’ हे शब्द पानोपानी येतात. ‘धावसोबती’ किंवा ‘सहउमेदवार’ चालेल का?

‘धावसोबती’ नको, कारण मराठीतला उमेदवार धावत नाही. तो उभा राहतो, निवडणूक लढवतो आणि शेवटी निवडून येतो किंवा पडतो. अमेरिकी इंग्रजीत मात्र निवडणूक म्हणजे शर्यतच. ‘रनिंग मेट’ हा शब्दही घोड्यांच्या शर्यतीतून आला: मुख्य घोड्याचा वेग टिकावा म्हणून त्याच्या बरोबरीने पळवायचा दुसरा घोडा. हे रूपक मराठी निवडणुकीत रुजलेलं नसल्यामुळे ‘धावसोबती’ वाचल्यावर मॅरेथॉनच आठवते.

‘सहउमेदवार’ जास्त फसवा आहे, कारण तो बरोबर वाटतो. सहआरोपी म्हणजे त्याच गुन्ह्यातला बरोबरीचा आरोपी. सहसंपादक म्हणजे संपादकाच्या हाताखालचा. ‘सह’ कधी बरोबरी सांगतो, कधी दुय्यमपणा, आणि इथे दोन्ही लागू पडत नाहीत: हा माणूस दुसऱ्याच पदाचा उमेदवार असतो. ‘सहउमेदवार’ हा शब्द खऱ्या अर्थाने शोभला असता तो 1800 च्या निवडणुकीत. तेव्हा प्रत्येक निर्वाचक, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्ष निवडणारा प्रतिनिधी, दोन मतं देई, दोन्ही अध्यक्षपदासाठीच. पहिला येईल तो अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. थॉमस जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना सारखी 73 मतं पडली. पक्षाच्या मनात बर उपाध्यक्ष होते, पण नियमाच्या लेखी दोघे बरोबरीचे. म्हणून निवड अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि तिथे 36 वेळा मतदान झाल्यावर जेफरसन ठरले. 1804 मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने दोन पदांची मतं वेगळी केली.

माझं मत ‘जोडीदार’ या शब्दाला. पहिल्या उल्लेखात ‘उपाध्यक्षपदाचे उमेदवार आणि ट्रम्प यांचे निवडणुकीतले जोडीदार जे. डी. व्हान्स’ असं पूर्ण लिहावं, पुढे नुसतं ‘जोडीदार’. सगळीकडे ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ लिहिलं तर दोन अडचणी येतात. एक, या माणसाला दुसऱ्याने निवडलेलं आहे आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतो, हे नातं त्यातून गळतं. दुसरी, हा शब्द फक्त अध्यक्षीय निवडणुकीपुरता नाही. 2018 मध्ये टिम वॉल्झ मिनेसोटात गव्हर्नरपदासाठी उभे होते तेव्हा पेगी फ्लॅनगन त्यांच्या रनिंग मेट होत्या. तिथे ‘उपाध्यक्ष’ लिहिणं चूकच.

आपल्याकडे तयार शब्द नाही याचं कारणही साधं आहे. भारतात उपराष्ट्रपतीची निवड संसदेची दोन्ही सभागृहं करतात, राष्ट्रपतीच्या निवडीत आमदारही असतात; निवडणुका वेगळ्या, मतदार वेगळे. जाता जाता: ट्रम्प यांना ‘राष्ट्रपती’ म्हणणं हिंदीच्या वळणाचं. मराठी वर्तमानपत्रांची ‘अध्यक्ष’ किंवा ‘राष्ट्राध्यक्ष’ ही सवय चांगली आहे, ती सोडू नये.

आता ‘तिकीट’. खरा सापळा इथे आहे, कारण शब्द ओळखीचा आणि अर्थ वेगळा. मराठीत तिकीट मिळतं, नाकारलं जातं, कापलं जातं. म्हणजे पक्षाची उमेदवारी. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पक्ष आपल्या उमेदवारांची नावं छापलेला कागद मतदाराच्या हाती देत आणि तोच मतपेटीत पडे. तो कागद म्हणजे तिकीट. त्यावरून एका पक्षाचे एकत्र उभे असलेले उमेदवार, असा अर्थ आला. 2024 मधल्या कमला हॅरिस आणि टिम वॉल्झ यांच्यासाठी ‘हॅरिस-वॉल्झ तिकीट’ असं मराठीत ठेवलं तर वाचक विचारेल, कोणी कोणाला दिलं? इथे ‘हॅरिस-वॉल्झ जोडी’ लिहावं. ‘जोडगोळी’त थोडी थट्टा आहे; लेखकाला ती हवी असेल तरच. साखर कारखान्याच्या निवडणुकीतलं ‘पॅनेल’ अर्थाने जवळ जातं, पण पॅनेलमधला एक निवडून दुसऱ्याला पाडता येतं. अमेरिकी मतदाराला व्हान्स नको आणि ट्रम्प हवेत, अशी सोय नाही.

‘बॅलन्स्ड तिकीट’साठी मराठी राजकारणात अचूक शब्द पडून आहे: प्रादेशिक समतोल. 1960 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींनी टेक्सासचे जॉन्सन घेतले, तो हाच समतोल. याला घटनेचाही थोडा टेकू आहे: निर्वाचकाला आपल्याच राज्याच्या दोघांना मत देता येत नाही. म्हणून 2000 मध्ये टेक्सासच्याच बुश यांच्याबरोबर उभं राहण्याआधी डिक चेनी यांनी आपली मतदार नोंदणी टेक्सासमधून वायोमिंगला नेली. टेक्सासच्या निर्वाचकांची 32 मतं होती आणि बुश जिंकले 271 वर, बहुमताला 270 लागतात. चेनींची ती 32 अडकली असती तर उपाध्यक्षपदाचं बहुमत हुकलं असतं.

‘व्हेटिंग’ला ‘छाननी’ लिहिलेलं दिसतं. टाळावं, आपल्याकडे छाननी उमेदवारी अर्जांची होते आणि ती निवडणूक निर्णय अधिकारी करतो. इथे पक्षाचे वकील माणसाची आर्थिक, वैद्यकीय, खासगी माहिती खणून काढतात. ‘पूर्वतपासणी’ चालेल, लेखाचा सूर मोकळा असेल तर सरळ ‘कुंडली काढणे’. ती नीट न काढल्याने काय होतं ते 1972 मध्ये दिसलं. उपाध्यक्षपदाचे उमेदवार टॉमस ईगलटन यांनी नैराश्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं उमेदवारीनंतर उघड झालं. अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न ‘हजार टक्के’ पाठीशी होते, आणि तरी तीन आठवड्यांच्या आत ईगलटन यांना बाजूला व्हावं लागलं.

राहिला सूर. ‘पार्टिझन’ला डोळे मिटून ‘पक्षपाती’ म्हणू नये. पक्षपात हा निःपक्ष असायला हवा त्याच्यावरचा आरोप आहे, पंचावरचा. जो लेखक आपली बाजू उघड सांगून लिहितो, त्याचं लेखन ‘पक्षीय’ किंवा ‘एका बाजूचं’. शिव्या-टोमण्यांना मात्र मराठी हत्यारंच द्यावीत. वॉल्झ यांनी 2024 मध्ये विरोधकांना लावलेलं ‘वीअर्ड’ हे विशेषण ‘विचित्र’ने सपाट होतं आणि ‘विक्षिप्त’मध्ये उगीच कौतुक डोकावतं. ‘ही माणसं जरा चमत्कारिकच आहेत’ यात तो नेमका नाक मुरडलेला स्वर आहे. जोडीदाराला ‘अटॅक डॉग’ म्हटलं असेल तर कुत्रा मराठीत आणू नका, नुसती शिवी होते. ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणा. निक्सन यांचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू अशीच तोफ होते. त्यांनी 1970 मध्ये टीकाकारांना ‘नॅटरिंग नेबॉब्ज ऑफ निगेटिव्हिझम’ म्हटलं. त्यातला नेबॉब म्हणजे आपलाच नवाब, त्यामुळे ‘नन्नाचा पाढा घोकणारे नवाब’ असं केलं की अर्थ राहतो आणि ‘न’चा अनुप्रासही.

शेवटची गोष्ट इंग्रजीत नसल्यामुळे हमखास निसटते. मराठीत लिहिणाऱ्याची बाजू क्रियापदातून आणि सर्वनामातून कळते. एका परिच्छेदात ‘हॅरिस यांनी सांगितलं’ आणि पुढच्याच ओळीत ‘व्हान्स बरळला’ असं लिहिलं, तर मूळ लेखकाने न घेतलेली बाजू अनुवादकाने घेतली. म्हणून निवेदनात दोन्ही जोड्यांना आदरार्थी बहुवचन द्यावं. मूळ लेखकाने एखाद्याला मुद्दाम नुसत्या पहिल्या नावाने किंवा टोपणनावाने हिणवलं असेल, तिथेच एकेरीवर यावं, आणि ते वाक्य संपलं की पुन्हा ‘यांनी’.