जास्त कर भरणं म्हणजे देशभक्ती, असं बायडन खरंच म्हणाले होते का?

हो, पण श्रीमंतांबद्दल. सप्टेंबर २००८ मध्ये, उपाध्यक्षपदाचे उमेदवार असताना, एका टीव्ही मुलाखतीत. ओबामांना अडीच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्या कुटुंबांचा कर वाढवायचा होता. सर्वात वरचा दर ३५ वरून ३९.६ टक्के, म्हणजे क्लिंटन यांच्या काळात होता तेवढाच. पण ‘देशभक्ती’ हा शब्द विरोधकांच्या आयताच हाती लागला. २ ऑक्टोबरच्या जाहीर वादात रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी सुनावलं की मध्यमवर्गात याला देशभक्ती म्हणत नाहीत. सरकारनं कराचं ओझं कमी करून वाटेतून बाजूला व्हावं, असं त्या म्हणाल्या. गंमत म्हणजे त्यांच्याच जोडीचे, म्हणजे त्यांच्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार, मॅकेन यांनी २००१ मध्ये बुश यांच्या करकपातीविरुद्ध मत दिलं होतं!