पेंटेनचे तीनच का?

प्रश्न : बाई, ५ कार्बन आणि १२ हायड्रोजन असलेल्या पेंटेनचे समघटक (अणू तेच, जोडणी वेगळी) तीनच, असं पुस्तकात आहे. मी पाच काढले. प्रत्येक कार्बनचे चार बंधही मोजले. मग चुकलं कुठे? आणि अणू तेवढेच असतील तर रचना बदलून फरक तरी काय पडतो?
– अकरावीचा विद्यार्थी, हर्णै

उत्तर : तुझं एकही चित्र चूक नाही, दोन दुबार आली आहेत. सरळ साखळी ही पहिली आणि शेपूट खाली वाकवलेली ती दुसरी. डावीकडून दुसऱ्या कार्बनवर फांदी ही तिसरी, उजवीकडून दुसऱ्यावर ती चौथी. मधल्या कार्बनभोवती चौघे, ती पाचवी. पहिली-दुसरी एकच, तिसरी-चौथी एकच.

लाजू नकोस. शिकवायला लागले त्या वर्षी मीही फळ्यावर चार काढले होते. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तिसरी पाठमोरी केली की चौथी होते." वर्ग हसला, मी मुकाट्याने डस्टर उचललं.

तेव्हापासून माझा कागदावर भरवसा नाही. पाच हिरवी करवंदं आणि खराट्यातला एक हीर घे. (बोटांना आधी खोबरेल लाव, चीक जाता जात नाही.) करवंदं म्हणजे कार्बन, ती हिरात ओव, हायड्रोजन मनात धर. आता हीर वाकव, उलटा कर. कोण कोणाला जोडलंय ते बदललं? नाही ना, मग रेणूही तोच. खऱ्या रेणूत एकेरी बंधाभोवती अणू सारखे फिरतच असतात, तेव्हा तुझं वाकलेलं शेपूट ही त्याची घटकाभराची बैठक. नवा समघटक हवा तर हीर मोडावा लागतो : टोकाचं करवंद काढून आतल्या करवंदाला बाजूने खोचायचं. उरलेल्या चारांत आतली दोनच, आणि ती दोन्ही सारखीच. तू कुठल्या टोकाकडून मोजतोस एवढाच प्रश्न. दोन्ही टोकांची काढून उरलेल्या तिनांतल्या मधल्याला खोचलीस, की तुझी पाचवी.

फरक मात्र चांगलाच पडतो. सरळ पेंटेन ३६ अंश सेल्सिअसला उकळतं, एका फांदीचं २८ ला, मधल्याभोवती चौघांचं साडेनऊला. म्हणजे मे महिन्यात दुपारी ओट्यावर ३२ अंश असताना पहिलं द्रव राहील, दुसरं उकळेल. तिसरं तर आपण हुडहुडी म्हणतो त्या पहाटेही वायूच. (करून बघू नकोस, पेंटेन भसकन पेटतं.) कारण तुझ्या बंदरावरच रोज दिसतं. टोपलीत बांगडे अंगाला अंग लावून बसतात, पोत्यातले नारळ एकमेकांना जेमतेम टेकतात. लांबट रेणू शेजाऱ्याला अंगभर चिकटतो, त्याला सोडवायला जास्त उष्णता लागते. गोल रेणू चटकन सुटतो.

आता सहा कार्बनच्या हेक्झेनचे समघटक काढ, पाच होतात. सहावा सापडला, तर हीर न मोडता तो त्या पाचांतला कुठला वळवून मिळतो ते बघ. दहा कार्बनच्या डेकेनच्या नादी मात्र लागू नकोस. त्याचे ७५ आहेत, म्हणजे ७५० करवंदं. घरात लोणच्याला एक उरायचं नाही.