हिमोग्लोबिन जास्त आलं, तर?

प्रश्न : मी मिरकरवाड्यात ट्रॉलरवर तांडेल आहे. समुद्रावरून आल्या आल्या रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १७.४. रक्त भरपूर असणं चांगलंच ना?

नाही. पुरुषांत १६.५ आणि बायकांत १६ च्या वर गेलं की कारण शोधायचं. पण आधी आकडा खरा आहे का ते बघू. उन्हात घाम गाळून आलात, पाणी कमी पोटात गेलं, की रक्तातला पातळ भाग घटतो. पेशी तेवढ्याच राहतात आणि आकडा फुगतो. दोन-तीन दिवस घरी नीट पाणी प्या, लघवी फिकट होऊ दे, मग पुन्हा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. त्यात हिमॅटोक्रिटही बघा, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के (काही लॅब पीसीव्ही छापतात). पुरुषांत ४९ टक्क्यांच्या वर नको. बीपीसाठी लघवीची गोळी किंवा मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यांनीही आकडा चढतो, पण गोळी आपणहून बंद करू नका.

प्रश्न : वडील साठीचे, गुहागरला असतात. रोज दहा-बारा विड्या, रात्री जोरात घोरतात. हिमोग्लोबिन दोनदा १८ च्या वर आलं. ऑक्सिमीटर मात्र ९७ दाखवतो.

ऑक्सिमीटर इथे फसतो. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो. शरीराला मात्र ऑक्सिजन कमी पडतो. मग मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक) जास्त सोडतात आणि अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज, लाल पेशी वाढवत नेते. घोरताना श्वास अडकत असेल तरी हेच होतं. स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी), स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. मूत्रपिंडातली गाठही कधी कधी याच्या मुळाशी असते. विडी सोडून मिश्रीवर येणं हा उपाय नव्हे. आकडा उतरेल, तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहीलच.

प्रश्न : आईला (५८, वेंगुर्ला) गरम पाण्याने आंघोळ केली की अंगभर खाज सुटते, पुरळ नसतं. हिमोग्लोबिन १७, प्लेटलेट साडेपाच लाख. मलमं लावून झाली.

मलमं थांबवा, रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. अशी खाज आणि सोबत वाढलेल्या प्लेटलेट म्हणजे पॉलिसायथेमिया व्हेराचा संशय घ्यायलाच हवा. यात अस्थिमज्जा कुणी न सांगताच पेशी बनवत सुटते. जॅक-२ या जनुकातल्या बदलाची रक्तचाचणी सुमारे ९५ टक्के रुग्णांत पॉझिटिव्ह येते, एरिथ्रोपोएटिन कमी असतं. धोका गुठळीचा: पक्षाघात, हार्ट अटॅक, पायाच्या शिरेत गाठ. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवतात, सोबत बहुधा कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. रक्त काढत राहिलं की लोह घटतं, थकवा येतो. तरी लोहाच्या गोळ्या स्वतः सुरू करू नका, पेशी पुन्हा वाढतात. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला तर थेट इस्पितळ गाठा.

प्रश्न : रक्तदान केलं, कोकम सरबत प्यायलं तर आकडा उतरेल का?

पॉलिसायथेमिया व्हेरा असलेल्यांचं रक्त रक्तपेढी घेत नाही. त्यांचं रक्त उपचार म्हणून, डॉक्टरांच्या वेळापत्रकानेच काढायचं. कोकम सरबत घामाने गेलेलं पाणी भरून काढतं, पेशी कमी करत नाही. बीपी-मधुमेह असेल तर त्यातलं मीठ आणि साखर मोजूनच घाला.