वाचकांचे प्रश्न : डिकी वर टिकत नाही

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले डिकीविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेत आहोत. डिकीचं झाकण वर तोलून धरणाऱ्या ज्या नळी-दांड्याबद्दल सगळे विचारत आहेत, त्याला गॅरेजमध्ये ‘डिकीचा शॉकअप’ म्हणतात. दुकानदार ‘गॅस स्ट्रट’ किंवा ‘गॅस स्प्रिंग’ म्हणतो आणि मारुती सुझुकीच्या सुट्या भागांच्या यादीत त्याचं नाव ‘बॅलन्सर’ असतं. वस्तू एकच.

गाडी हॅचबॅक, नऊ वर्षांची. डिकी उघडली की हळूहळू खाली येते. मेकॅनिक म्हणतात, डावा शॉकअप गेलाय, तेवढाच बदलू. चालेल का? (कराड)

नाही. जोडीच बदला. दोन्ही शॉकअप एकाच दिवशी गाडीला लागले आणि तितक्याच वेळा उघडमीट सोसली. डावा गेला असेल तर उजवाही त्याच वाटेवर आहे. एक बाजू नवी आणि एक थकलेली असली की झाकण पिळतं, एका बिजागरीवर जास्त भार येतो, रबरी बीडिंग एका कोपऱ्यात नीट दाबलं जात नाही आणि पावसात तिथूनच पाणी आत येतं.

थकतं म्हणजे नेमकं काय होतं, तेही पाहू. नळीत दाबाखाली नायट्रोजन आणि थोडं तेल असतं. दांडा 8 मिमी जाड असेल तर त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस मिमी. त्यातून 400 न्यूटन (सुमारे चाळीस किलोचा) जोर मिळवायचा तर आत साधारण 80 बार दाब लागतो. कारच्या टायरमध्ये तो सव्वादोन बारच्या आसपास असतो. हे 80 बार दांड्याभोवतीच्या सीलने अडवून धरलेले असतात. सील झिजलं की गॅस हळूहळू निसटतो.

डिकी उघडून दांडा नळीत शिरतो तिथे पाहा. तेलाचं ओलसर, धूळ चिकटलेलं काळपट कडं दिसलं तर सील गेलं. पण कडं नाही म्हणून शॉकअप ठीक, असं समजू नका. तेल न सांडताही गॅस जातो.

सकाळी डिकी डोक्यावर येते, दुपारी मात्र व्यवस्थित उभी राहते. नेमका दोष कशात? (महाबळेश्वर)

शॉकअपमध्येच, फक्त तो थंडीत उघडा पडतो. बंद नळीतल्या गॅसचा दाब तापमानाबरोबर बदलतो, 10 अंशांना साधारण साडेतीन टक्के. पहाटे 8 अंश आणि दुपारी 33 अंश धरले तर सकाळचा जोर दुपारपेक्षा 8 टक्के कमी भरतो. प्रत्येकी 400 न्यूटनच्या जोडीत हा फरक एकूण साडेसहा किलोच्या वजनाइतका होतो. नव्या शॉकअपला एवढी घट सोसते, कारण त्यात जोर थोडा राखून ठेवलेला असतो. तुमच्या जोडीतला तो राखीव जोर संपलाय. थंडी वाढेपर्यंत थांबू नका. तोवर डिकीखाली उभं राहताना काठीचा टेका द्या आणि लहान मुलांना तिथे जाऊ देऊ नका.

शॉकअप घरी बदलता येतात का? क्रम आणि हत्यारं सांगा. (विटा)

येतात. बहुतेक हॅचबॅकला तीन मिमी पात्याचा चपटा स्क्रूड्रायव्हर, भक्कम काठी, फडकं आणि चिमूटभर ग्रीस एवढं पुरतं. वेळ वीस मिनिटं. काही गाड्यांत एक टोक बोल्टच्या पट्टीवर असतं, तिथे पाना लागतो. डिकी बटणाने उघडणारी असेल तर त्यातले दांडे विजेच्या मोटरचे असतात, त्यांना घरी हात लावू नका.

आधी खरेदी. नुसतं गाडीचं नाव सांगून शॉकअप घेऊ नका. त्याच मॉडेलला मागचा वायपर असेल-नसेल, स्पॉयलर असेल-नसेल, त्यानुसार जोर बदलू शकतो. जुन्या नळीवरचं लेबल वाचा. 380N, 420N असा आकडा असतो, तो जोर. लेबल पुसलं असेल तर चॅसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या. मग तीन मापं जुळवा: पूर्ण उघडलेल्या शॉकअपची एका टोकाच्या गोळीच्या (गाडीवरच्या गोल डोक्याच्या बोल्टच्या) मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या गोळीच्या मध्यापर्यंतची लांबी, दांड्याचा प्रवास (तो किती आत सरकतो ते) आणि टोकाच्या, गोळीवर बसणाऱ्या कपाचा आकार. लांबी दीड-दोन सेंटिमीटर जास्त भरली तर शॉकअपचा प्रवास आधी संपतो आणि झाकण पूर्ण बंदच होत नाही. जोर लावून आपटलं तर गोळीचा बोल्ट पत्र्यासकट वाकतो.

आता काम. गाडी सपाट जागी, वाऱ्याच्या आडोशाला लावा. डिकी शेवटपर्यंत उघडा. हे महत्त्वाचं आहे. पूर्ण उघड्या स्थितीत शॉकअपचा प्रवास संपलेला असतो. अर्धवट उघड्या डिकीत तोच शॉकअप सुटला तर चाळीस किलोच्या जोराने बाहेर येतो. काठीच्या टोकांना फडकं गुंडाळून ती झाकण आणि उंबऱ्याच्या मध्ये किंचित ताणून बसवा, म्हणजे शॉकअपवरचा भार उतरेल. दुसरा माणूस झाकण धरून असेल तर उत्तम.

दोन्ही शॉकअप एकदम काढू नका. एक बदलून झाला की दुसरा. काढण्यापूर्वी फोटो घ्या, जाड नळी कोणत्या टोकाला आहे ते त्यात दिसलं पाहिजे. बऱ्याच गाड्यांत डिकी बंद असताना दांडा खाली आणि नळी वर येते, त्यामुळे आतलं तेल सीलवर राहून ते ओलं ठेवतं. उलटा लावलेला शॉकअप पहिल्या दिवशी तसाच काम करतो, पण कोरडं सील लवकर जातं.

टोकाच्या कपावर तारेची क्लिप दिसेल. स्क्रूड्रायव्हरचं पातं तिच्याखाली घालून ती फक्त तीन-चार मिमी उचला आणि कप गोळीवरून सरळ बाहेर ओढा. क्लिप पूर्ण उपसली तर ती उडते आणि गटारात शोधत बसावं लागतं. कप तिरका ओढू नका, प्लॅस्टिक तडकतं. वरचं टोक सुटलं की खालचं.

गोळी पुसून पाहा. ती गंजलेली किंवा एका बाजूने घासलेली असेल तर तीही बदला, नाहीतर नवा कप खडखडेल. कपात मुगाएवढं ग्रीस लावा, दांड्याला मात्र अजिबात नको. तिथे धूळ चिकटून सील कापलं जातं. नवा शॉकअप गोळीसमोर धरून तळहाताने दाबा. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. न आल्यास क्लिप बसलेली नाही. बसल्यावर हाताने मागे ओढून खात्री करा.

दुसरी बाजू झाली की मगच काठी काढा. पहिल्यांदा डिकी अगदी सावकाश बंद करा आणि नळी पत्र्याला किंवा वायरिंगला घासत नाही ना ते पाहा. दांड्याला पक्कड लावू नका. तिचा एक ओरखडा सील फाडायला पुरेसा असतो.

दुकानदार म्हणाला, मूळ 400 चे आहेत, तुम्ही 600 चे टाका, पुन्हा त्रास नाही. शिवाय मी मागे स्पॉयलर लावलाय. (मिरज)

600 घेऊ नका. हिशोब असा: झाकण 22 किलोचं आणि उघड्या स्थितीत त्याचा भारमध्य बिजागरीपासून आडवा 50 सेंमी धरू. 22 गुणिले 9.81 गुणिले 0.5 म्हणजे सुमारे 108 न्यूटन-मीटर. शॉकअपच्या रेषेचं बिजागरीपासूनचं काटकोनी अंतर 15 सेंमी धरलं तर दोन शॉकअपचं मिळून 0.30 मीटर. 108 भागिले 0.30 म्हणजे प्रत्येकी 360. वर दहा टक्के राखीव, म्हणजे 400.

तुमचा स्पॉयलर दोन किलोचा आणि बिजागरीपासून 80 सेंमीवर असेल तर प्रत्येक शॉकअपला आणखी 50 न्यूटन लागतात. म्हणजे 450 पुरे. स्वतःच्या गाडीच्या झाकणाचं वजन आणि ही दोन अंतरं टाकून हाच हिशोब करा.

600 च्या जोडीने झाकण झटक्याने वर येतं, हनुवटीला लागतं, बिजागरीजवळचा छताचा पत्रा हळूहळू उचलला जातो. बंद करताना याच मापांत, झाकणाच्या काठावर प्रत्येक वेळी सात किलो जास्त रेटावं लागतं. घरातल्या वयस्कर माणसाला ते जड जातं. सायकल कॅरिअर लावत असाल तर त्याचं वजन या हिशोबात धरू नका, सायकली उतरवूनच डिकी उघडा.

सेडानच्या डिकीलाही हेच लागतात का? (फलटण)

सगळ्यांना नाही. बऱ्याच सेडानना बिजागरीच्या बाकदार हातांवर पिळाच्या सळ्या असतात. आधी वाकून पाहा. नळी-दांडा नसेल तर गॅस शॉकअप मागू नका. त्या सळ्या ताणलेल्या असतात, त्या गॅरेजमध्येच सोडवा.

2021 च्या पुरात गाडी बुडाली होती. आता दांड्यांवर गंजाचे ठिपके आहेत. घासून, तेल मारून किंवा गॅस भरून चालतील का? (सांगली)

नाही. दांड्याचा गुळगुळीतपणा हेच सीलचं आयुष्य. गंजाचा प्रत्येक खड्डा उघडमीट करताना सीलवर कानशीसारखा फिरतो आणि पॉलिश पेपरने घासलं तर वरचा कठीण थरच निघतो. फवाऱ्याच्या तेलाने गेलेला गॅस परत येत नाही. गॅस भरून देणारे नळीला भोक पाडून वाल्व बसवतात. झिजलेलं सील तसंच राहतं, आणि 80 बारच्या नळीला पाडलेलं भोक डोक्याच्या उंचीवर असतं. जोडी बदला.

शंका असेल तर काढलेला शॉकअप तपासता येतो. वजनकाट्यावर लाकडी फळी ठेवा, दांडा खाली करून शॉकअप त्यावर अगदी सरळ उभा धरा आणि वरून दाबा. दांडा आत सरकू लागताना काटा जे दाखवेल त्याला दहाने गुणा, तो अंदाजे न्यूटनमधला जोर. 400 च्या शॉकअपला 25 किलोवरच दांडा आत गेला तर तो संपला.

जुना शॉकअप मेला तरी नळीत दाब शिल्लक असतो. तो कापू नका, शेकोटीत टाकू नका आणि भंगारवाल्याला तसाच देऊ नका, कारण तिथे तो गॅस कटरखाली जातो. शॉकअप बसवून घ्याल त्याच गॅरेजला जुनी जोडी द्या आणि दाब सोडूनच भंगारात टाकायला सांगा.